विधेयक आणि कायदा यांच्यामधली वाट

28 डिसेंबर 2017, गुरुवार. तिहेरी तलाकचे विधेयक त्या दिवशी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूरही झाले. दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाज सुटल्यावर मशिदीसमोरच्या चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. ओळखीच्या एका चाचांनी मला हाताला धरून बसवले आणि विचारले, "बन गया क्या कानून? अब सीधा जेल?" मी म्हणालो, "अभी नहीं चाचा, अभी बिल है. राज्यसभा बाकी है." चाचांनी हात झटकला. "टीव्ही पे तो कल से बोल रहे, पास हो गया."

टीव्ही खोटे बोलत नव्हता, अर्धे बोलत होता. त्या दिवसापासून कायदा होईपर्यंत 19 महिने गेले. या काळात तीन वेगवेगळी विधेयके मांडावी लागली, तीन वेळा अध्यादेश काढावे लागले, एक लोकसभा संपून दुसरी आली. आणि 2019 मध्ये जो कायदा झाला त्याचा मजकूर 2017 च्या विधेयकाचा नव्हता. तीन वर्षांचा तुरुंगवास तसाच राहिला. पण तक्रार कोणी करायची, जामीन मिळू शकतो का, नवरा-बायकोत समेट झाला तर खटल्याचे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलली होती. ज्या घरावर असा खटला येतो त्या घराला विचारा, या तीन उत्तरांनी किती फरक पडतो.

हा बदल दोन सभागृहांच्या मधल्या वाटेवर झाला. आपल्या समाजाचे या वाटेकडे लक्ष नसते. आपण मतदानाच्या रात्री टीव्हीसमोर बसतो आणि सकाळी निषेध करतो किंवा पेढे वाटतो. म्हणून ही वाट कशी तयार झाली आणि आपल्या घरांशी, मशिदींशी, कब्रस्तानांशी संबंधित कायदे तिच्यावरून कसे गेले, हे थोडे मागे जाऊन पाहू.

साहेबाचे वरचे सभागृह

देशाच्या पातळीवर दोन सभागृहे पहिल्यांदा आली ती 1919 च्या कायद्याने. 1921 पासून ती काम करू लागली. खालचे सभागृह म्हणजे सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्ली. त्याचे 145 सदस्य, त्यातले 104 निवडून आलेले. वरचे म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेट, 60 सदस्यांचे. असेंब्लीची मुदत तीन वर्षे, कौन्सिलची पाच. मुस्लिमांसाठी दोन्हीकडे स्वतंत्र मतदारसंघ होते. पण मताचा अधिकारच मुळात मालमत्तेवर आणि करावर बेतलेला. कौन्सिल ऑफ स्टेटसाठी तर तो इतका आखूड होता की साऱ्या देशातले तिचे मतदार तालुक्याच्या एखाद्या गावात मावले असते. जमीनदार, बडे व्यापारी, सरकारी किताब मिळवलेले लोक.

या सभागृहाचे काम उघड होते. असेंब्लीने काही अडवले तर सरकारला हात द्यायचा. तेवढ्यानेही भागले नाही तर व्हाइसरॉय होताच. 1923 मध्ये मिठावरचा कर दुप्पट करायला असेंब्लीने नकार दिला, तेव्हा लॉर्ड रीडिंगने स्वतःच्या खास अधिकारात तो लागू करून टाकला. लोकांनी निवडलेल्यांनी 'नाही' म्हणायचे आणि वरून 'हो' यायचे, असा तो कारभार.

तरीही याच लंगड्या संसदेतून मुस्लिम स्त्रियांच्या हक्काचा एक मोठा कायदा बाहेर पडला. तो सरकारने आणला नव्हता, एका सदस्याने आणला होता.

त्या काळी न्यायालयांत हनफी मत ज्या पद्धतीने लावले जाई, त्यात स्त्रीला स्वतःहून निकाह तोडून मागण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. नवरा परागंदा झाला तर तो जिवंत असण्याची शक्यता संपेल इतक्या वयापर्यंत बायकोने थांबायचे. म्हणजे जन्मभर. पंजाबात काही स्त्रियांनी यातून एक भयंकर वाट काढली. त्या न्यायालयात जाऊन इस्लाम सोडल्याचे जाहीर करू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असे न्यायालये मानत होती. उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मुफ्तींकडून फतवे मागवले आणि 'अल-हीलतुन नाजिझा' हा ग्रंथ तयार केला. अडचणीत सापडलेल्या हनफी स्त्रीला मालिकी मताचा आधार घेता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

याच विचाराच्या आधारावर 1936 मध्ये काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी असेंब्लीत विधेयक मांडले. त्याला कायदा व्हायला तीन वर्षे लागली. 17 मार्च 1939 रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली असेल, तो छळ करत असेल, तर स्त्रीला न्यायालयातून निकाह तोडून घेता येऊ लागला. सोबत चौथ्या कलमात हेही आले की केवळ इस्लाम सोडल्याने स्त्रीचा निकाह तुटणार नाही. म्हणजे उलेमांची चिंताही मिटली आणि स्त्रीलाही वाट मिळाली.

मूळ मसुद्यात आणखी एक कलम होते: असे खटले मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत. चर्चेच्या वाटेत ते गळाले. अनेक उलेमांना हे रुचले नाही आणि त्यांच्या दृष्टीने ते समजण्यासारखेही होते. पण ते कलम धरून बसले असते तर कायदाच झाला नसता, असे मला वाटते. आज आपल्या भागातल्या कुटुंब न्यायालयात एखादी मुस्लिम स्त्री, नवरा तलाकही देत नाही आणि खुलालाही तयार नाही म्हणून दावा दाखल करते, तेव्हा तिच्या वकिलाच्या हातात हाच 1939 चा कायदा असतो.

एकाला नको, एकाला हवे

स्वातंत्र्याच्या तोंडावर, जुलै 1947 मध्ये, संविधान सभेत प्रश्न आला: साहेबाची ही दोन सभागृहांची रचना आपण कशाला ठेवायची? या चर्चेत दोन मुस्लिम सदस्य एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. बिहारचे मोहम्मद ताहिर म्हणाले, वरचे सभागृह गरजेचे नाही, ती साम्राज्यशाहीची निर्मिती आहे. कौन्सिल ऑफ स्टेट पाहिलेल्या माणसाने असे म्हणावे यात नवल नव्हते. बंगालचे नझीरुद्दीन अहमद यांचे मत वेगळे. दुसऱ्या सभागृहामुळे कामात संयम येईल, एकदा केलेल्या गोष्टीवर पुन्हा विचार होईल, असे ते म्हणाले. गोपालस्वामी अय्यंगार यांनीही हीच बाजू मांडली. क्षणाच्या भरात झालेला कायदा थोडा थोपवून धरण्याइतपतच ताकद या सभागृहाला असावी, देशाचा गाडा अडवण्याइतकी नसावी, असा त्यांचा सूर होता.

गंमत अशी की हे सारे ठरवणारी संविधान सभा स्वतः एकच सभागृह होती. 1952 पर्यंत देशाची हंगामी संसदही तीच.

मे 1949 मध्ये याच सभेत मुस्लिमांच्या राखीव जागा रद्द झाल्या. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीच त्याला पाठिंबा दिला होता. तो निर्णय बरोबर की चूक, यावर आपल्याकडे आजही वाद होतात. इथे मुद्दा वेगळा आहे. राखीव जागा गेल्यावर अल्पसंख्याकाच्या हातात काय उरले? मत उरले, न्यायालय उरले आणि कायदा तयार होण्याची पद्धत उरली. पहिल्या दोन्हींबद्दल आपण पुष्कळ बोलतो.

1952 मध्ये नवी संसद आली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, गुजरातेत वाढलेले पण मूळ आपल्या कोकणातल्या मराठी घराण्याचे. वरच्या सभागृहाची पहिली बैठक 13 मे 1952 ला झाली. तेव्हा त्याचे नाव कौन्सिल ऑफ स्टेट्स असेच होते. 'राज्यसभा' हे नाव 23 ऑगस्ट 1954 ला जाहीर झाले. जुन्या नावाला एक अक्षर जोडले गेले होते, पण माणसे कुठून यायची ते पूर्ण बदलले होते. मालमत्तेऐवजी राज्ये आली.

आज लोकसभेत 543 जागा आहेत, राज्यसभेत 245. या 245 पैकी 12 राष्ट्रपती नेमतात, बाकीचे 233 राज्यांतले आणि विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांतले आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 जागा आहेत. लोकसभा पाच वर्षांनी विसर्जित होते, राज्यसभा कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे लोकसभेत लाट आली तरी राज्यसभेत ती पोचायला काही वर्षे लागतात. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे.

निवडणुकीचे गणितही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात 288 आमदार. एका वेळी सहा जागा भरायच्या असतील तर उमेदवाराला 42 पहिल्या पसंतीची मते लागतात. म्हणजे इथे मोहल्ल्याच्या मताला किंमत नाही, पक्षाच्या यादीला आहे. याचा फायदा झाला आणि तोटाही. 2004 नंतर महाराष्ट्रातून लोकसभेवर फक्त एकदा मुस्लिम उमेदवार निवडून आला, 2019 मध्ये औरंगाबादहून इम्तियाज जलील. पण राज्यसभेत नजमा हेपतुल्ला, हुसेन दलवाई, माजिद मेमन अशी नावे महाराष्ट्रातून दिसत राहिली. पक्षांनी मुस्लिमांना लोकसभेचे तिकीट नाकारायचे आणि राज्यसभेची एखादी जागा देऊन हिशेब चुकता करायचा, अशी ती पद्धत. प्रतिनिधित्व मिळाले, पण त्या प्रतिनिधीला विचारायला जाईल असा मतदार त्याच्यामागे राहिला नाही.

कागद कसा फिरतो

विधेयक दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहात मांडता येते. मांडणे म्हणजे पहिले वाचन. खरी मशागत दुसऱ्या वाचनात होते. आधी तत्त्वावर चर्चा, मग हवे तर समितीकडे रवानगी, मग एकेका कलमावर दुरुस्त्या आणि मतदान. तिसऱ्या वाचनात पूर्ण विधेयकावर मत. मग सारा प्रवास दुसऱ्या सभागृहात नव्याने. तिथे दुरुस्ती झाली तर कागद पुन्हा पहिल्याकडे येतो. दोघांचे जमले की राष्ट्रपतींची सही. सहीनंतर तो कायदा.

अर्थविधेयकाची गोष्ट निराळी. ते लोकसभेतच मांडावे लागते, राज्यसभेला फक्त 14 दिवस मिळतात आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. एखादे विधेयक अर्थविधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. 2016 मध्ये आधारचे विधेयक असेच अर्थविधेयक म्हणून आणले गेले. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. दुसऱ्या सभागृहाला टाळायचे असेल तर ही आडवाट आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

सरकारखेरीज साधा सदस्यही विधेयक आणू शकतो. शुक्रवारी दुपारचा वेळ त्यासाठी राखलेला असतो. 1952 पासून आजवर अशी फक्त 14 विधेयके कायदा होऊ शकली, शेवटचे 1970 मध्ये. यातले पहिले कोणते? मुस्लिम वक्फ विधेयक, 1952. ते मांडणारे सदस्य होते सय्यद मुहम्मद अहमद काझमी. 1939 चा विवाहविच्छेद कायदा आणणारे तेच काझमी आता सुलतानपूरकडून लोकसभेत आले होते. त्यांच्या विधेयकातून 1954 चा वक्फ कायदा तयार झाला. एकाच माणसाने साहेबाच्या संसदेत आणि स्वतंत्र भारताच्या संसदेत, दोन्हीकडे, सरकारची वाट न पाहता आपला कायदा तडीस नेला. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? मलाही पस्तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हते.

1986: आपली घाई

आता एक अडचणीची गोष्ट. 23 एप्रिल 1985 रोजी शाहबानो प्रकरणाचा निकाल आला. त्यावर देशभर मोर्चे निघाले. 25 फेब्रुवारी 1986 ला सरकारने मुस्लिम महिला विधेयक लोकसभेत मांडले. दुसऱ्याच दिवशी आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोकसभेने ते मंजूर केले, दोन-तीन दिवसांत राज्यसभेने, आणि 19 मे रोजी राष्ट्रपतींची सही झाली. सत्ताधारी पक्षाकडे लोकसभेत चारशेहून अधिक जागा होत्या आणि राज्यसभेतही बहुमत. पक्षादेश निघाला होता. नझीरुद्दीन अहमद ज्या 'पुन्हा विचारा'बद्दल बोलले होते, त्याला जागाच नव्हती.

ज्यांना हा कायदा हवा होता त्यांनी या वेगाबद्दल सरकारचे आभार मानले. पण घाईचा एक परिणाम कायद्याच्या मजकुरातच राहून गेला. तिसऱ्या कलमात लिहिले होते की घटस्फोटित स्त्रीला 'वाजवी आणि न्याय्य तरतूद व निर्वाह' इद्दतच्या मुदतीत मिळावा. आणणाऱ्यांना अभिप्रेत होते: इद्दतपुरता. लिहिले गेले: इद्दतच्या आत. शाहबानोचे वकील राहिलेले दानियल लतीफी यांनी या कायद्याला आव्हान दिले. 28 सप्टेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतच्या आत तिच्या पुढच्या आयुष्याचीही तरतूद करायची आहे. म्हणजे ज्या निकालातून सुटण्यासाठी कायदा केला, जवळजवळ तिथेच गाडी परत आली. समितीत कोणी शांतपणे बसून ते कलम वाचले असते तर ही विसंगती तिथेच दिसली असती. व्यक्तिशः मला 2001 चा अर्थ बरोबर वाटतो. ते कलम आणखी सैल लिहिले गेले असते तरी मी तक्रार केली नसती. पण कायदा असा नशिबावर सोडायचा नसतो.

2002: सेंट्रल हॉलमधला दिवस

दोन सभागृहांचे जमलेच नाही तर काय, याचे उत्तर संविधानात आहे: संयुक्त बैठक. दोन्ही सभागृहे एकत्र बसतात आणि साध्या बहुमताने निकाल लागतो. लोकसभेची संख्या दुपटीहून जास्त असल्याने बहुधा तिचेच चालते. आजवर हे तीनदा झाले. 1961 मध्ये हुंडाबंदीसाठी, 1978 मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि 2002 मध्ये पोटा कायद्यासाठी.

टाडाचा अनुभव मुंबईकर मुस्लिमांना वेगळा सांगायला नको. 1995 मध्ये त्याची मुदत संपली. पोटा हा त्याच वळणाचा कायदा. मार्च 2002 मध्ये गुजरात पेटलेला असताना लोकसभेने पोटा मंजूर केला आणि 21 मार्चला राज्यसभेने तो फेटाळला. पाच दिवसांनी, 26 मार्चला, संयुक्त बैठक झाली. लोकसभा अध्यक्ष बालयोगी यांचे त्याच महिन्यात हेलिकॉप्टर अपघातात निधन झालेले, त्यामुळे अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष होते: लक्षद्वीपचे पी. एम. सईद. विरोधी पक्षातले, मुस्लिम, आणि ज्या कायद्याची धास्ती त्यांच्या समाजाला होती त्याच्या मतदानाचा निकाल जाहीर करण्याचे काम त्यांच्याकडे. 425 विरुद्ध 296. पोटा झाला.

राज्यसभेचा नकार असा पाच दिवसांत पुसला गेला. पण पूर्ण वायाही गेला नाही असे मला वाटते. पोटावर मतभेद आहेत हे सरकारी दस्तऐवजात नोंदले गेले आणि 2004 मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्द झाला. अर्थात त्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीए कायद्यात जाऊन बसल्या, हेही विसरता येत नाही.

उशिराचा उपयोग

उशीर कामाला येतो याचे उदाहरण कोणाला हवे असेल तर मी 2010 चे वक्फ दुरुस्ती विधेयक सांगतो. 7 मे 2010 ला लोकसभेने ते फारशी चर्चा न करता मंजूर केले. राज्यसभेने मात्र अडवले आणि प्रवर समितीकडे पाठवले. प्रा. सैफुद्दीन सोझ तिचे अध्यक्ष होते. समितीने वर्षभराहून अधिक काळ घेऊन डिसेंबर 2011 मध्ये अहवाल दिला. 2013 मध्ये विधेयक सुधारून दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. वक्फ जमीन परवानगीशिवाय विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद या कायद्याने आणली. मराठवाड्यात वक्फ जमिनी कशा गेल्या आणि त्यात आपलेच लोक कसे होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तरतुदीची किंमत कळेल.

आता चाचांच्या प्रश्नाकडे येऊ. तोंडी तलाक बंद व्हावा ही मागणी दिल्लीतून आलेली नव्हती. हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला तेव्हापासून महाराष्ट्रात ती ऐकू येत होती. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तलाक-ए-बिद्दत रद्द ठरवला. वाद उरला होता तो तुरुंगाचा. जो तलाक होतच नाही तो उच्चारल्याबद्दल नवरा तीन वर्षे आत गेला, तर बायकोला खर्च कोण देणार? 2017 च्या विधेयकात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होता आणि तक्रार कोणीही करू शकत होता. शेजारी, राजकीय कार्यकर्ता, कोणीही.

लोकसभेत ते एका दिवसात सुटले. राज्यसभेत सरकारचे बहुमत नव्हते. विरोधकांनी प्रवर समितीची मागणी धरली आणि जानेवारी 2018 मध्ये विधेयक अडकले. समिती शेवटपर्यंत मिळाली नाही. पण अडकलेल्या महिन्यांत सरकारने स्वतःच तीन बदल केले. तक्रार फक्त ती स्त्री, तिचे रक्ताचे किंवा लग्नाने झालेले नातेवाईक करू शकतील. तिचे म्हणणे ऐकून दंडाधिकारी जामीन देऊ शकतील. आणि तिची इच्छा असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने तडजोड होऊ शकेल. हे बदल 19 सप्टेंबर 2018 च्या अध्यादेशात आले. विरोधकांना तेवढे पुरेसे नव्हते, मलाही नाही. तरी आज त्या कायद्याचे सातवे कलम वाचा. हे तीन बदल तिथे ओळीने बसलेले आहेत. राज्यसभा नसती तर पहिलाच मजकूर कायदा झाला असता.

डिसेंबर 2018 मध्ये दुसरे विधेयक लोकसभेत 245 विरुद्ध 11 मतांनी मंजूर होऊन पुन्हा राज्यसभेत थांबले. लोकसभा विसर्जित झाली तसे ते बाद झाले. तिसरे जून 2019 मध्ये आले. 30 जुलैला राज्यसभेत आधी प्रवर समितीचा प्रस्ताव 84 विरुद्ध 100 मतांनी पडला, मग विधेयक 99 विरुद्ध 84 मतांनी मंजूर झाले. तेव्हाही सरकारकडे स्वतःचे बहुमत नव्हते. सगळे हजर असते तर 120 च्या पुढे मते लागली असती. जनता दल युनायटेड आणि अण्णाद्रमुक यांनी सभात्याग केला. बसप आणि तेलंगणा राष्ट्र समितीचे सदस्य मतदानाला नव्हते. आमच्याकडे मते मागायला येणारे कित्येक पक्ष त्या संध्याकाळी बाहेर होते. बाजूने की विरुद्ध एवढेच आपण विचारतो. हजर होतात का, हे विचारत नाही.

2024 चे वक्फ विधेयक मात्र समितीकडे गेले. 31 सदस्यांची संयुक्त समिती, त्यात लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. समितीने सूचना मागवल्या आणि मशिदी-मशिदींत क्यूआर कोडचे कागद लागले. सुमारे 97 लाख निवेदने समितीकडे पोचली, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही. त्यातली किती एकाच साच्यातली होती आणि किती जणांनी एखादे कलम धरून आपल्या गावच्या कब्रस्तानाचा सातबारा जोडला होता? मी माझ्या ओळखीत विचारले तेव्हा बहुतेकांनी फक्त बटण दाबले होते. समितीने 14 दुरुस्त्या स्वीकारल्या. विरोधकांच्या दुरुस्त्या बहुमताने पडल्या, त्यांची मतभेद-पत्रे अहवालाला जोडली गेली. त्या पत्रांतले काही भाग आधी वगळले होते आणि आरडाओरड झाल्यावर परत घातले गेले. वापराने वक्फ झालेल्या जुन्या, नोंदणी असलेल्या आणि वाद नसलेल्या जागांना काही संरक्षण या समितीच्या वाटेतच मिळाले. मूळ विधेयकात तेही नव्हते.

लोकसभेत 288 विरुद्ध 232. राज्यसभेत 128 विरुद्ध 95. राज्यसभेचे मतदान 4 एप्रिल 2025 च्या पहाटे झाले आणि तो दिवस पुन्हा जुम्मा होता. नमाजनंतर त्याच हॉटेलात गेलो. चाचा आता बरेच थकले आहेत, काठी घेऊन येतात. त्यांनी मला पाहिले आणि बसायच्या आधीच विचारले, "राष्ट्रपती की साइन अभी बाकी है ना?"

सही दुसऱ्या दिवशी झाली.